आमेन होईपर्यंत

मी एकदा देवाकडे माझ्या पोटच्या मुलीची चहाडी केली. मोठ्यानं केली, डोळे मिटून केली आणि खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्या मंडळीच्या देखत केली. देवाला त्यात नवीन काहीच कळलं नाही. मंडळीला मात्र सगळं कळलं.

हा मूर्खपणा आहे असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या उद्धारासाठीही प्रार्थना केली असती. तशीच होते मी. डोक्यावर पदर, तोंडात शब्दांचा नळ सोडलेला, आणि अक्कल कुठल्या डब्यात ठेवली आहे ते आठवत नसलेली.

हे लिहायच्या आधी मुलीला फोन करून विचारलं. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकले. ती म्हणाली, "लिही. पण नाव बदल. आणि तेव्हा मी बारीक होते, ते लिही." तर तिचं नाव करुणा. आणि ती तेव्हा खरंच बारीक होती.

उपवासकाळ पुन्हा आला आहे. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस आम्ही ख्रिस्ती माणसं जरा जपून वागतो, कमी खातो आणि जास्त प्रार्थना करतो. दिवस उन्हाचे, त्यामुळे नवी मुंबईत कमी खाणं आपोआप होतं. बेलापूरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर दुपारी ओढलेले पडदे दिवेलागणीलाच उघडतात. गुडघ्यानं संप पुकारल्यापासून मी जिना उतरलेली नाही. इमारतीला लिफ्ट नाही. ती बसवायची की अख्खी इमारतच पाडून नवी बांधायची, यावर सोसायटीच्या मीटिंगा चालू आहेत आणि त्या माझ्या हयातीत संपतील असं दिसत नाही. खिडकीला ग्रिल, ग्रिलला सुनेच्या कुंड्या, त्यापलीकडे पारसिकचा डोंगर उन्हानं करपून तांबूस पडलेला. तो बाहेर, मी आत. दोघं एकमेकांकडे बघत बसतो. त्याचेही गुडघे गेले असावेत.

मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. उपवासकाळात ती रोज संध्याकाळी कुणा एकाच्या घरी जमतात. गाणी, शास्त्रवाचन, प्रार्थना, मग चहा. याला आम्ही घरसभा म्हणतो. या शुक्रवारी ती आमच्याकडे होती. माझी सून प्रीती आठवडाभर आधीपासून सोफा कुठे सरकवायचा आणि सोसायटीच्या ऑफिसातून खुर्च्या किती आणायच्या, या विचारात. मी दुसऱ्याच विचारात. सभेतली शेवटची प्रार्थना घरातल्या वडीलधाऱ्या बाईला करायला सांगतात. म्हणजे मला. आणि माझ्या पोटात एक गोष्ट होती, जी करुणानं मला सांगितली होती.

ते पुढे येईल. आधी नावडं, तळोज्याजवळचं आमचं जुनं ठिकाण.

नावड्याला आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो. वर पत्रा, आत अर्ध्या भिंतीनं वेगळं काढलेलं स्वयंपाकघर, आणि त्यात सासूबाई, हे, मी, करुणा आणि तिचा धाकटा भाऊ. हे तळोज्याला कापडाचा रंग बनवायच्या कारखान्यात होते. तो रंग यांच्या अंगात असा मुरला होता की उन्हाळ्यात घामाबरोबर बाहेर यायचा. कधी बनियन गुलाबी, कधी हळद लावल्यासारखं. उशीचा अभ्रा बघून मी सांगायची, या आठवड्यात यांना कुठल्या रंगावर लावलंय. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांच्या बाजूनं एक उग्र वास यायचा आणि घशात येऊन बसायचा. मग खिडक्या बंद, दार बंद. नेमकी तीच आमच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ. पत्र्याखाली दिवसभराचं ऊन साठलेलं, पंखा तीच ती हवा ढवळत असलेला, आणि आम्ही पाचही जण सतरंजीवर गुडघे टेकून, डोळे मिटून, एकमेकांच्या घामाचा वास घेत देवाची वाट बघत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात प्रार्थना पाठ केलेली असतेच असं नाही. मनात येईल ते आपल्या शब्दांत देवाशी मोठ्यानं बोलायचं. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमेन होईपर्यंत कुणी मधे बोलत नाही, डोळे उघडत नाही, उठून जाण्याचा तर प्रश्नच नाही. ही शिस्त फार सुंदर आहे. आणि तिचा उपयोग ज्या दिवशी माझ्या लक्षात आला, त्या दिवसापासून मी मोठी प्रार्थनाशील बाई झाले.

कारण एरवी त्या घरात मला बोलू कोण देत होतं? मी "अहो, गॅस..." एवढं म्हणेपर्यंत सासूबाईंचं "आमच्या वक्ताला चुलीवर..." सुरू व्हायचं. त्या नगरकडच्या, आवाज विहिरीतून बादली वर यावी तसा खणखणत यायचा. मी गप्प. जेवताना गप्प, झोपताना गप्प, नळावर गप्प. संध्याकाळी मात्र सगळे समोर गुडघ्यांवर, डोळे मिटलेले, तोंडं बंद.

"हे प्रेमळ पित्या," मी गोड आवाजात सुरुवात करायची, "तू आम्हा सर्वांना दोन हात दिलेस म्हणून तुझे आभार मानते. या घरातल्या प्रत्येकाला त्या हातांनी आपापला चहाचा कप मोरीत नेऊन ठेवण्याची सुबुद्धी दे."

मग सासूबाईंची पाळी. "बापा, तुझं लेकरू आता म्हातारं झालं. आळणी कालवण गोड मानून खायाची ताकद दे. अन् करणारीच्या ध्यानात मीठ ऱ्हाऊ दे."

दोन तोफांच्या मधे बसलेले हे हलकेच खाकरायचे. "प्रभो, सर्वांना शांती दे. आमेन." यांची प्रार्थना आयुष्यात कधी याहून लांबली नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे ती ऐकलीही गेली नाही.

भिंतीपलीकडे आमची घरमालकीण राहायची, हिराकाकू, गावातली आगरी बाई. एकदा सकाळी नळावर तिनं मला धरलं. "काय गो बाय, तुमचा देव बहिरा हाय का? सांज झाली का सासू-सून दोघी त्याच्या कानाशी वरडता."

"प्रार्थना होती ती, काकू."

"आगं बाय! मना वाटला भांडन हाय."

मी हसले नाही. तेव्हा मी स्वतःवर हसत नसे. हिराकाकूला आपल्या धर्मातलं काय कळणार, असं मनात म्हणून हंडा उचलला. आज वाटतं, भिंतीतून जे गाळून तिच्याकडे पोचत होतं ते अगदी बरोबर पोचत होतं.

ती चहाडी झाली त्या उपवासकाळात मी साखर सोडली होती. म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा बेतानं सोडली होती. कुणाकडे गेलं की चहाचा कप तोंडापर्यंत न्यायचा, थांबायचं, मान खाली घालून म्हणायचं, "अगं, सध्या माझं..." आणि पुढचं वाक्य समोरच्या बाईच्या कल्पनेवर सोडायचं. सासूबाईंनी मटण आणि मासळी सोडली होती आणि त्यांच्याबरोबर आम्हा सगळ्यांना ती सोडावी लागली होती. इकडे हिराकाकूच्या गच्चीवर वाकट्या आणि बोंबील सुकत घातलेले. वाऱ्याबरोबर एक तर कारखान्याचा वास यायचा नाही तर बोंबलांचा. पहिल्यानं घसा दाटायचा, दुसऱ्यानं जीव. त्यात मधेच शिमगा आला. गावात होळीभोवती गाणी, नाच, ढोलकी, आणि आम्ही आत पिठल्याच्या कढईभोवती गंभीर तोंडं करून. धाकटा खिडकीच्या फटीला नाक लावून बसलेला.

करुणा त्या वर्षी बारावीत होती. परीक्षा आणि उपवासकाळ बरोबरच आले होते, आणि दोन्हींत पास व्हायचं असं मी तिला बजावून ठेवलं होतं. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. सासूबाई डुलकी काढत होत्या. करुणानं ताटातल्या एका खड्यावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

"आई, एक विचारू? तू डोळे मिटतेस तेव्हा तुला वाटतं का, कुणी ऐकतंय?"

"म्हणजे काय? देव ऐकतो."

"मला नाही गं वाटत. आधी वाटायचं. आता डोळे मिटले की नुसता काळोख असतो, आणि त्यात तुझा नि आजीचा आवाज." मग घाईघाईनं, "कुणाला सांगू नकोस हं."

"वेडी का तू? मी कुणाला सांगणार?"

हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. देव हा 'कुणी'मधे धरायचा की नाही, एवढा विचार मी केला नव्हता.

त्या दुपारी मला तिच्या डोक्यावरून हात फिरवता आला असता. 'मलाही कधी कधी असंच होतं' असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. तिनं विचारलेला प्रश्न खरं तर मला कधीचा पडायला हवा होता. मी डोळे मिटायची तेव्हा कोण ऐकतंय असं मला वाटायचं? मला वाटायचं, सासूबाई ऐकतायत. त्या पलीकडे माझी प्रार्थना कधी गेलीच नव्हती, आणि मी मात्र स्वतःला देवाची खास मैत्रीण समजत होते. पण तेव्हा मला फक्त भीती वाटली. पोर हातातून चालली, ही भीती. आणि त्या भीतीत थोडा, खरं सांगायचं तर, आनंदही होता. आता माझ्याकडे मागायला काहीतरी मोठं होतं. चहाच्या कपाहून मोठं.

पुढच्याच आठवड्यात घरसभा आमच्याकडे होती. खोलीत मुंगीला जागा नव्हती. वास सुटला होता म्हणून खिडक्या बंद, दार बंद, दाराशी चपलांचा ढीग. करुणा कपाट आणि मार्थाबाई यांच्या मधल्या फटीत बसली होती. मार्थाबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षीण, अंगानं भरदार, मनानं प्रेमळ आणि प्रार्थनेत फार जोरदार. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला मध्यस्थीची प्रार्थना करायला सांगितली. म्हणजे दुसऱ्यांसाठी मागणं. मी आजाऱ्यांसाठी मागितलं, बेकारांसाठी मागितलं, राज्यकर्त्यांसाठी मागितलं. चांगलं चाललं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

"आणि प्रभो," मी म्हटलं, "याच घरात तुझं एक लेकरू..."

"हं," मार्थाबाईंचा हुंकार आला. लांब प्रार्थनेत असा हुंकार मिळाला की बोलणाऱ्याच्या अंगात वारं भरतं. माझ्या भरलं.

"माझी करुणा, प्रभो, तुझ्यापासून दूर गेलीय. ती म्हणते, डोळे मिटले की नुसता काळोख दिसतो, कुणी ऐकत नाही. तू तिला या काळोखातून ओढून काढ, प्रभो!"

मी रडलेही. छान रडले. आवाज नेमका जिथे फुटायला हवा तिथे फुटला. खोलीतली शांतता बदललेली मला कळत होती, लोक कानांनी पुढे सरकले होते. आणि आमेन म्हणायच्या आधी, आपला परिणाम कितपत झालाय ते बघायला मी एक डोळा किंचित उघडला.

करुणाचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. फटीत अडकलेल्या मांजरीसारखी बघत होती. तिला उठता येत नव्हतं. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला मार्थाबाई, मधे माणसं, दाराशी चपला, आणि आमेन माझ्या तोंडात. मी आमेन म्हणेपर्यंत तिची सुटका नव्हती. आणि मला आमेन म्हणायची भीती वाटायला लागली, कारण मग सगळ्यांचेच डोळे उघडले असते आणि सगळे तिच्याकडेच वळले असते. मग मी काय केलं? प्रार्थना वाढवली. सीमेवरच्या जवानांसाठी मागितलं. विधवांसाठी मागितलं. भर उन्हाळ्यात पावसासाठी मागितलं. शेवटी हे खाकरले, "प्रभो, सर्वांना शांती दे. आमेन," असं म्हणून मोकळे झाले. आमच्या संसारात यांनी माझं बोलणं तोडलं ते एवढंच एकदा.

मंडळी गेल्यावर सासूबाई कप गोळा करत होत्या. स्वतः. मोरीपर्यंत नेऊन ठेवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपुन दोघी भांडलो, ते चार भिंतींच्या आत भांडलो. तू लेकरू चव्हाट्यावर नेलंस." त्यांचं हे बोलणं प्रार्थनेत नव्हतं, म्हणून मला उत्तर देता आलं असतं. मी सतरंजी झटकायला घेतली.

यापुढे जे झालं त्याला मी तयार नव्हते. बोललेला शब्द परत घेता येत नाही असं म्हणतात, पण मागितलेली प्रार्थना तर अजिबातच परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशीच्या घरसभेत मार्थाबाईंनी करुणासाठी प्रार्थना केली. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी. मग प्रत्येक घरात, प्रत्येक संध्याकाळी. तिला मधे बसवायचे आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचे, एकावर एक, गरम, कांद्याचा वास येणारे, प्रेमळ हात. त्या हातांत काही खोट नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्याखालून निसटायला वाट नव्हती. फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा ती त्या हातांखाली बसली होती. बाजारात बायका मला विचारायच्या, "करुणा कशी आहे?" आवाज असा खाली आणून, जसं तिला काही झालंच आहे.

मी मार्थाबाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, करुणा आता बरी आहे. तिच्यासाठी पुरे करूया का?"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अगं, आईला वरवर तसं वाटतं. आता तर जोर लावायची वेळ आहे!"

मीच लावलेलं कुलूप, आणि किल्ली आता सगळ्या मंडळीच्या हातात.

मग करुणा संध्याकाळी नाहीशी व्हायला लागली. कुठे जाते ते मला ठाऊक होतं. एकदा प्रार्थनेची वेळ झाली तरी आली नाही, तेव्हा मी हिराकाकूच्या गच्चीवर गेले. ओळीनं घातलेले बोंबील, त्यांच्यामधे चटई, चटईवर पुस्तक पालथं घातलेलं, आणि करुणा उताणी पडलेली. डोळे मिटून. कुणी सांगितलेलं नसताना, वर मोकळं आकाश असताना. ओठ हलत होते. फॉर्म्युले पाठ करत होती की आणखी काही, मला ऐकू आलं नाही. हिराकाकू कोपऱ्यात बोंबील उलटत बसली होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं आणि हातानंच मला जा म्हटलं. मी जवळ जाऊन ऐकायचा मोह आवरला. त्या पूर्ण उपवासकाळात मी खरोखर काही सोडलं असेल तर ते एवढंच.

ही शहाणपणाची गोष्ट असती तर इथे संपली असती. पण निकाल लागला, करुणा चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि मार्थाबाई म्हणाल्या की मी साक्ष द्यायला हवी. देवानं आपलं काय भलं केलं ते चर्चमधे उभं राहून सगळ्यांना सांगणं, त्याला साक्ष देणं म्हणतात. मी दिली. नवी साडी नेसून दिली. "तुमच्या प्रार्थनांनी माझी मुलगी परत मिळाली," असं म्हटलं. टाळ्या झाल्या. करुणा तिसऱ्या बाकावर होती. परत मिळालेली मुलगी त्या दिवशी घरी येताना माझ्या दहा पावलं पुढे चालत होती आणि एकदाही मागे वळली नाही.

त्यानंतर तिनं मला काही सांगितलं नाही. म्हणजे सांगायची, पगार वाढला, महाप्यात नव्या ऑफिसात जाणार, लग्न ठरवलंय, बाळ होणार. बातम्या सांगायची, त्याही इतर सर्वांबरोबर. तांदूळ निवडताना सांगतात तसलं काही नाही. रागावली असती तर समजूत काढता आली असती. ती माझ्याशी छान वागायची. दर ईस्टरला केक करून आणायची. आणि मी मोठ्यानं प्रार्थना करू लागले की डोळे उघडे ठेवायची. चर्चमधे मिटायची, पाळकसाहेबांच्या वेळी मिटायची, माझ्या वेळी नाही. मला हे ठाऊक आहे, कारण दर वेळी मी एक डोळा किंचित उघडून बघते. ती दाराजवळची जागा धरून बसलेली असते आणि माझ्याकडे बघत असते. सासूबाई गेल्या, हे गेले. नावडं सुटलं, बेलापूर आलं. तिच्या कानशिलावर केस पांढरे झाले. डोळे तसेच. इतकी वर्षं त्या डोळ्यांसमोर प्रार्थना करणं म्हणजे काय असतं, ते मी कुणाला सांगू? मला बोलायची सोय एकच होती, प्रार्थनेची, आणि ती मी स्वतःच घालवून बसले होते.

आणि महिन्याभरापूर्वी करुणा आली. घरी मी एकटीच होते. ती खुर्ची ओढून जवळ बसली, माझ्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "आई, एक सांगू?"

काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तुम्हीही उगाच तर्क करू नका, तसे तर्क करणारे मार्थाबाईंकडे पुष्कळ होते. एवढंच सांगते, गोष्ट साधी नव्हती, आणि तिच्यावर कुणाला उपाय सुचेल असंही नव्हतं. तिनं "कुणाला सांगू नकोस" असं म्हटलं नाही. तेल लावून हात पुसले आणि गेली. मी त्या खुर्चीत बसून राहिले. दार उघडं होतं आणि मला उठता येत नव्हतं.

त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या घशाशी आहे. नावड्याच्या त्या वासासारखी. आणि मग शुक्रवार आला.

सोफा सरकला, खुर्च्या आल्या, मंडळी आली. मार्थाबाईसुद्धा आल्या. त्या आता नातवाकडे बेलापुरातच असतात. त्यांना खुर्चीत बसवून दोघा जणांनी तीन मजले वर आणलं, वाटेत त्यांनी दोघांच्याही पाठीच्या कण्यासाठी प्रार्थना केली. करुणा ऑफिसमधून थेट आली आणि दाराजवळ बसली. डास येतात म्हणून प्रीतीनं खिडक्या लावून घेतल्या. पुन्हा बंद खोली, पुन्हा तोच गरम पंखा.

प्रीतीनं पहिली प्रार्थना केली. माझी सून भाबडी आहे, मनात काही ठेवत नाही. "पित्या, आईंना तू आमच्यात ठेवलंस म्हणून तुझे आभार. त्यांची शुगर तुला ठाऊक आहे. डब्यातला गूळ कोण संपवतं तेही, पित्या, तुला ठाऊक आहे. लपून खाण्याच्या मोहापासून त्यांना राख."

"हं," मार्थाबाई म्हणाल्या.

माझे कान तापले. कुणीतरी नाकातून हसलं. मला डोळे उघडता येईनात, बोलता येईना, गुडघ्यामुळे उठता तर येईचना. चिमूटभर गूळ, आणि तो मला असा सगळ्यांसमोर ताटात वाढलेला. वाटलं, जमीन दुभंगावी, निदान सोसायटीनं आताच इमारत पाडायला घ्यावी. आणि मग एकदम कपाट आणि मार्थाबाई यांच्या मधल्या फटीतली करुणा आठवली. माझा नुसता गूळ होता. त्या पोरीचा देव होता.

पाळकसाहेब नवे आहेत, तरुण. सभा संपत आली तसे म्हणाले, "आजी, शेवटची प्रार्थना तुम्ही करा."

मार्थाबाईंनी पाठीमागची उशी नीट केली. जुन्या लोकांनी बैठक बदलली. माझी प्रार्थना किती चालते ते त्यांना माहीत होतं. मी डोळे मिटले. आणि ती गोष्ट, करुणाची, घशातून वर आली. खोटं कशाला बोलू, ती देवाला सांगावी असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या एकटीच्यानं ती उचलत नव्हती. इतकी माणसं होती, इतके हात होते. तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी मिळून उचलली असती. असं वाटणं काही पाप नाही. तेव्हाही ते पाप नव्हतंच, म्हणून तर ते माझ्याकडून इतकं सहज झालं.

"हे पित्या," मी म्हटलं. "तुला सगळं ठाऊक आहे. मला जे ठाऊक आहे, ते माझ्याजवळच राहू दे. आमेन."

कुणी आमेन म्हणालं नाही. सगळे पुढच्याची वाट बघत डोळे मिटून बसलेले.

"आमेन म्हटलं मी," मी म्हटलं.

"झाली?" मार्थाबाईंनी डोळे उघडले. "तब्येत बरी आहे ना गं तुझी?"

मग एकदम आमेन, खुर्च्यांचा आवाज, खिडक्या उघडल्या, हवा आली. मला मात्र एक चुटपुट लागून राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी प्रार्थनेत डोळा किंचित उघडून बघायला विसरले होते.

चहा झाला. मंडळी जिन्यानं उतरायला लागली, मार्थाबाईंची खुर्ची आधी. करुणा माझ्या हातातला रिकामा कप घ्यायला वाकली. कप घेतला, पण लगेच सरळ झाली नाही. माझ्या कानाशी, फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "आई, आज मी डोळे मिटले होते. उगाच त्याची साक्ष देत फिरू नकोस."